गाडीच्या लाइटवर घरी फिल्म लावायची आहे? कुठली चालते, कुठली नाही आणि लावायची कशी

बेळगाव, कोल्हापूर, मडगाव किंवा इंदूर, कुठल्याही शहरातल्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानात किंवा रेडियमवाल्याकडे आता लाइटवर चिकटवायची फिल्म मिळते. ऑनलाइन मागवली तर रोल घरपोच येतो. काळपट म्हणजे स्मोक, पिवळी, निळी, लाल, उन्हात रंग बदलणारी आणि पारदर्शक असे तिचे बरेच प्रकार आहेत. लावायला फार मोठं कौशल्यही लागत नाही. हेअर ड्रायर, शाम्पूचं पाणी आणि एक रिकामी दुपार असली की काम होतं. म्हणून कॉलेजच्या पोरांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत बरेच जण हे घरीच करून बघतात.

आधी थोडक्यात सांगतो, सविस्तर खाली वाचा. हेडलाइटला लावायची तर पारदर्शक फिल्म लावा. पिवळी फक्त फॉग लॅम्पला. स्मोक फिल्म मागच्या लाइटला लावू नका, कितीही ‘लाइट शेड’ आहे असं दुकानदार म्हणाला तरी. निळी आणि लाल फिल्म तर रस्त्यावरच्या गाडीसाठी नाहीच.

फिल्म म्हणजे नेमकं काय

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली पीव्हीसीची, म्हणजे विनाइल. स्वस्त, थोडी कडक, रंगीत फिल्म बहुतेक हीच असते. हिच्या गोंदाच्या बाजूला बारीक खाचा असतील तर हवा बाहेर जायला वाट मिळते आणि ती कोरडीही लावता येते. दुसरी टीपीयूची. गाडीच्या रंगावर जी पीपीएफ लावतात तीच ही. जाड, रबरासारखी ताणली जाणारी आणि महाग. ती पारदर्शक आणि रंगीत दोन्ही मिळते. खडी उडून हेडलाइटवर टवके पडतात, त्यापासून खरं संरक्षण हीच देते.

तिसरा प्रकार स्प्रेचा. डब्यातून फवारला की लाइट काळा होतो. त्याच्या वाटेला जाऊच नका. फिल्म नाही आवडली तर सोलून काढता येते. स्प्रे काढायचा म्हणजे लाइट घासावा लागतो.

आपण ‘हेडलाइटची काच’ म्हणतो, पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या बहुतेक गाड्यांना तिथे काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. त्यावर कंपनीनं एक पातळ कडक थर दिलेला असतो. ऊन आणि ओरखडे तोच थर सोसतो. तो संपला की लाइट पिवळट आणि धुरकट दिसायला लागतात. हे लक्षात ठेवायचं कारण असं, की पुसायला काय वापरायचं आणि फिल्म सोलताना काय बिघडू शकतं हे सगळं या थरावर ठरतं.

उजेडाचा हिशेब

स्मोक फिल्म विकताना ‘फक्त लुक बदलतो, उजेड तेवढाच राहतो’ असं सांगतात. ते शक्यच नाही. फिल्म काळी दिसते याचा अर्थच ती उजेड अडवते. प्रश्न किती अडवते एवढाच.

निम्मा उजेड सोडणारी फिल्म घ्या. स्वच्छ हवेत दिवा किती लांबून दिसतो हे उजेडाच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. उजेड निम्मा झाला तर अंतर निम्मं होत नाही, साधारण ७० टक्के राहतं. म्हणजे जो दिवा १५५ मीटरवरून जेमतेम दिसत होता तो आता ११० मीटरवरून दिसेल. फिल्म ३५ टक्केच उजेड सोडणारी असेल तर हेच अंतर ९० मीटरच्या आसपास येतं. हौसेनं फिल्मचे दोन थर दिले तर निम्म्याचं निम्मं, म्हणजे २५ टक्के उजेड उरतो आणि अंतर ७७ मीटर.

आता मागून येणाऱ्याचा विचार करा. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी चाळीसेक मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर साठ. बेरीज करा. पावसात ९५ मीटर लागणाऱ्या ड्रायव्हरला तुमचा दिवा ९० मीटरवर दिसला तर हिशेब जुळत नाही.

हा हिशेब स्वच्छ हवेचा आहे. आंबोली किंवा चोर्ला घाटात जुलै-ऑगस्टमध्ये धुकं उतरतं तेव्हा पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे हाच काय तो आधार असतो. सगळी रांग त्या दोन ठिपक्यांच्या मागे चालते. त्यात एकानं दिवे काळे केलेले असले की मागच्याला तो वळणावर अचानक समोर येतो.

दिवसाही सुटका नाही. भर उन्हात चकचकीत फिल्मवरून ऊन परावर्तित होतं ते तेवढंच राहतं, आतून येणारा ब्रेक लाइट मात्र कमी होतो. त्यामुळे दुपारी ब्रेक दाबलाय की नाही हे मागच्याला कळतच नाही. रात्री घरासमोर उभं राहून ‘बघ की, लाल दिसतंय’ म्हणणाऱ्यांनी दुपारी बारा वाजता पन्नास पावलं मागं जाऊन बघावं.

रिफ्लेक्टर: ज्याचा कुणी विचार करत नाही

दिव्यातून येणारा उजेड फिल्ममधून एकदा जातो. रिफ्लेक्टरचं तसं नाही. मागच्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड फिल्ममधून आत जातो, रिफ्लेक्टरवर आपटतो आणि पुन्हा त्याच फिल्ममधून बाहेर येतो. म्हणजे कातर दोनदा लागते. ५० टक्क्यांच्या फिल्मखाली रिफ्लेक्टर २५ टक्क्यांवर येतो. ३५ टक्क्यांच्या फिल्मखाली १२ टक्क्यांवर. २० टक्क्यांची गडद फिल्म असेल तर ४ टक्के, म्हणजे तो असून नसल्यासारखाच.

रिफ्लेक्टर कामाला कधी येतो? गाडी बंद पडलेली असते, बॅटरी गेलेली असते, दिवा पेटत नसतो तेव्हा. निपाणी-बेळगाव रस्त्यावर ऊस हंगामात दिवे नसलेल्या ट्रॉल्या आपण सगळेच शिव्या देत चुकवतो. स्मोक फिल्म लावलेली कार रात्री कडेला बंद पडली की तीही तशीच एक ट्रॉली होते.

बऱ्याच गाड्यांत हा रिफ्लेक्टर टेललाइटच्या आतच असतो, काहींत खाली बंपरवर वेगळा. रात्री गाडीचे दिवे बंद करून लांबून मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या उंचीवर धरून मारा. जो भाग लखकन चमकतो तो रिफ्लेक्टर. त्या भागावर पारदर्शक सोडून कसलीच फिल्म नको.

कायदा काय म्हणतो

इथे एक गोंधळ नेहमी होतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मवर निर्बंध आणले, ते गाडीच्या खिडक्यांच्या काचांबद्दल होते. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, हा नियमही काचांचाच. ‘पन्नास टक्के चालतं’ म्हणून तो आकडा लाइटला लावणारे दुकानदार आहेत. लाइटसाठी अशी कुठलीही टक्केवारीची सूट नाही.

लाइटबद्दलचे नियम केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये आहेत. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. इंडिकेटर पिवळसर नारिंगी रंगाचा हवा. पुढे लाल दिवा दिसता कामा नये आणि मागे लाल सोडून दुसरा रंग नको, रिव्हर्सचा पांढरा आणि इंडिकेटर यांसारखे ठरलेले अपवाद सोडून. म्हणून अख्ख्या टेललाइटवर लाल फिल्म ओढली की रिव्हर्स लाइटही लाल होतो आणि इंडिकेटरही लाल लुकलुकतो. मागच्याला तुम्ही वळताय की ब्रेक मारताय हे समजत नाही. निळ्या फिल्मखाली नारिंगी इंडिकेटर जवळजवळ मरतो, कारण निळी फिल्म नेमका तोच रंग अडवते.

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. फिल्मसाठी कुणाला आत टाकतील असं नाही, रस्त्यावर बहुधा चलनच फाटतं. पण जागेवर किती रक्कम घ्यायची हे प्रत्येक राज्य ठरवू शकतं. त्यामुळे केए २२ पासिंगची गाडी गोव्यात धरली आणि एमएच ०९ ची गाडी बेळगावात धरली तर आकडा वेगळा असू शकतो. ‘आमच्याकडे चालतं’ हे वाक्य मात्र कुठेच चालत नाही. नियम केंद्राचे आहेत, चोर्ल्याच्या अलीकडे-पलीकडे सारखेच, आणि इंदूर-बडोद्यातही तेच.

टॅक्सी, टेम्पोसारख्या गाड्यांना मुदतीनं फिटनेस लागतं, तिथे लाइट तपासले जातात. खाजगी गाडीवाल्यांना पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करताना हे आठवतं. विम्याचाही विचार करा. मागून धडक बसली आणि सर्व्हेयरच्या फोटोत काळे टेललाइट आले, तर चूक पूर्णपणे मागच्याची होती हे पटवणं अवघड जातं.

पिवळी फिल्म आणि धुकं

पिवळा उजेड धुकं कापतो, ही समजूत पक्की आहे. ती पूर्ण खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कित्येक पट मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा रंग काही आरपार जात नाही. फायदा असेल तर तो डोळ्याला. पांढऱ्या उजेडातला निळसर भाग गाळला गेला की समोरची पांढरी भिंत थोडी कमी टोचते. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. तिथेही शेवटी नियम मोडीत काढला.

धुक्यात खरं काम करते ती फॉग लॅम्पची जागा. तो खाली असतो आणि उजेड रस्त्यालगत पसरवतो. फॉग लॅम्पसाठी पांढरा आणि पिवळा दोन्ही रंग मानकांत बसतात, म्हणून तिथे फिकी पिवळी फिल्म लावायला हरकत नाही. हेडलाइटला पिवळी नको. तिथे नियम पांढऱ्या उजेडाचा आहे, आणि घाटात हेडलाइटचा उजेड कमी करून कुणाचंच भलं होत नाही.

जुन्या ट्रकांच्या आणि ॲम्बेसेडरच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवलेला असायचा, हे चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. समोरच्याच्या डोळ्यावर अप्पर येऊ नये म्हणून ती सोय होती. ती पाहून आजही कुणी हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागावर काळी पट्टी लावतात. आजच्या लाइटमध्ये उजेड कुठे पडायचा हे आतला आरसा आणि प्रोजेक्टरच ठरवतात. पट्टीनं चमक कमी होण्याऐवजी रस्त्यावरचा उजेडच कमी होतो. समोरचे डिपर मारत असतील तर लाइटची पातळी मेकॅनिककडून सेट करून घ्या, बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर त्यासाठी चक्रीही असते.

घरी लावायची तर

पारदर्शक फिल्म हेडलाइटला किंवा पिवळी फॉग लॅम्पला, पद्धत एकच.

आधी लाइट तपासा. आत पाणी किंवा वाफ धरली असेल तर फिल्म लावू नका, आधी सील दुरुस्त करा. लाइट पिवळट झाला असेल तर त्यावर फिल्म लावणं म्हणजे डाग फ्रेम करून ठेवणं. आधी पॉलिश करून घ्या. घरी करायचं तर ८०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरनं सुरुवात, मग १०००, २०००, ३०००, आणि शेवटी पॉलिश. घासल्यावर कंपनीचा कडक थर गेलेला असतो, त्यामुळे वर काहीतरी संरक्षण हवंच. पारदर्शक फिल्मचा खरा उपयोग इथे आहे. उन्हापासून वाचवणारी फिल्म आहे ना, हे घेताना विचारा.

फिल्म किती उजेड खाते हे विकत घेण्याआधी घरीच बघता येतं. मोबाइलवर लक्स मोजणारं ॲप घ्या. अंधारात फोन एका जागी ठेवा, थोड्या अंतरावरून टॉर्च मारा आणि आकडा लिहा. मग टॉर्चपुढे फिल्मचा तुकडा धरून पुन्हा बघा. फोनचा आकडा तंतोतंत नसतो, पण आधीचा आणि नंतरचा यांचं प्रमाण बऱ्यापैकी कळतं. चांगल्या पारदर्शक फिल्मला फरक अगदी थोडा पडतो. पिवळीला थोडा जास्त. स्मोकचा तुकडा लावून बघाल तेव्हा वरचा सगळा हिशेब आपोआप पटेल.

जागा सावलीची आणि वारा नसलेली हवी. धूळ हाच या कामातला मोठा शत्रू. फरशीवर आधी पाणी मारून घ्या, पंखा बंद ठेवा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर लाइट निवू द्या, नाहीतर पाणी लगेच सुकतं आणि फिल्म सरकत नाही.

लाइट शाम्पूच्या पाण्यानं धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. पॉलिकार्बोनेटला त्यांनी बारीक तडे जातात, आणि ते तडे पॉलिशनं निघत नाहीत. अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रेही टाळा. कडेच्या फटीत मेण किंवा जुनी पॉलिश साचलेली असते, ती टूथब्रशनं काढा. फिल्म उचलायला सुरुवात नेहमी तिथूनच होते.

फिल्म लाइटपेक्षा चारही बाजूंनी दीड-दोन इंच मोठी कापा. स्प्रेच्या बाटलीत एक लिटर पाणी आणि बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब. लाइट भिजवा, फिल्मचा कागद सोलत गोंदाची बाजूही भिजवा, बोटंही ओली ठेवा, नाहीतर गोंदावर बोटांचे ठसे कायमचे राहतात. सोलायला दुसरा माणूस असला तर फिल्म स्वतःला चिकटत नाही.

आता फिल्म लाइटवर ठेवा आणि मध्यभागी बसवा. मधून कडेकडे मऊ प्लास्टिकच्या पट्टीनं पाणी काढत चला. सपाट भाग पटकन बसतो. कसोटी लागते ती कोपऱ्यावर, जिथे लाइट बोनेटकडून मडगार्डकडे वळतो. तिथे फिल्मला मोड पडणार. मोड दाबू नका. फिल्म उचला, हेअर ड्रायरनं मऊ होईपर्यंत तापवा, हलकेच ताणा आणि पुन्हा बसवा. हीट गन असेल तर ती एका जागी धरू नका, फिल्म तर जातेच, खालचं प्लास्टिकही जाऊ शकतं. रंगीत फिल्म ताणली की ताणलेल्या जागी रंग फिका पडतो, म्हणून पिवळी लावताना एकाच कोपऱ्यात सगळा ताण देऊ नका, चहूबाजूंनी वाटून घ्या.

कापताना घाई झाली की नुकसान होतं. कटर लाइटच्या अंगावर चालवायचा नाही, ओरखडा कायमचा राहतो, आणि बोनेटच्या रंगावर तर नाहीच. पाते फटीच्या आतल्या बाजूला टेकवून हलक्या हातानं फिरवा. शक्य तिथे दोन-तीन मिलिमीटर फिल्म कडेच्या आत वळवून ठेवा, अशी फिल्म लवकर उचलत नाही. हात स्थिर नसेल तर आधी वर्तमानपत्राच्या कागदावर लाइटचा आकार काढून, त्याप्रमाणे फिल्म कापून मगच लावा. कडा थोडी उघडी राहील, पण गाडी वाचेल.

शेवटी कडांवरून पुन्हा ड्रायर फिरवा आणि बोटानं दाबा. पाण्याचे बारीक फुगे दिसले तर छळत बसू नका, दोन-चार दिवसांत आपोआप सुकतात. पावसाळ्यात हवा दमट असते, आठवडाही लागतो. धुळीचा कण अडकला असेल तर तो मात्र तसाच राहणार. निदान चोवीस तास गाडी धुऊ नका आणि वॉशिंग सेंटरवाल्याला पहिले काही आठवडे प्रेशरचा फवारा लाइटच्या कडेवर मारू देऊ नका.

रात्री भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही लाइट तपासा. डिपरची वरची रेघ आधीसारखीच स्पष्ट हवी. ती पसरट दिसली किंवा भिंतीवर सुरकुत्यांसारखे पट्टे आले तर फिल्म लाटांसारखी बसलीय. ती काढून पुन्हा लावा.

काढायची वेळ आली तर

स्वस्त पीव्हीसी फिल्म आपल्याकडच्या उन्हात लवकर आखडते आणि तडकते. तडकलेली फिल्म तुकड्यातुकड्यानं निघते, म्हणून कडा पिवळ्या पडायला लागल्या की लगेच काढलेली बरी. ड्रायरनं तापवा, एका कोपऱ्यातून धरा आणि फिल्म जवळजवळ स्वतःवरच उलटी दुमडत सावकाश ओढा. सरळ वर खेचली की गोंद मागे राहतो, आणि लाइट जुना असेल तर सुटत आलेला कडक थरही सोबत निघतो. राहिलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवून मऊ कापडानं पुसा, नखानं किंवा ब्लेडनं खरवडू नका.

सेकंडहँड गाडी घेतली आणि मागच्या लाइटवर आधीच्या मालकाची स्मोक फिल्म आहे, असंही होतं. ती याच पद्धतीनं निघते. नखानं कडा उचलत नसेल तर बहुधा फिल्म नसून स्प्रे मारलेला आहे. तो घासून काढायचा की टेललाइटच बदलायचा, हे लाइटची हालत बघून ठरवा. नवा लाइट घ्यायचा झाला तर कंपनीचाच घ्या. बाजारातल्या आयत्या काळ्या टेललाइटमध्ये कधी कधी रिफ्लेक्टरच नसतो, तेव्हा पैसे देण्याआधी दुकानातच त्यावर टॉर्च मारून बघा.